‘लिनॅक बंद पडला’ ही अर्धीच बातमी

मा. संपादक,

स.न.वि.वि.

कर्करोगावरील किरणोपचाराचे यंत्र, म्हणजे इलेक्ट्रॉनना वेग देऊन किरण बनवणारा लिनॅक, बंद पडले की बातमीचा साचा ठरलेला असतो. रुग्ण ताटकळले, यंत्र धूळ खात पडले, प्रशासन ढिम्म. रुग्णांचे हाल खरे असतात, त्याबद्दल वाद नाही. पण अशा बातम्या वाचून एक समजूत पक्की होत जाते: चालू यंत्र चांगले, थांबलेले यंत्र वाईट. वैद्यकीय भौतिकशास्त्राच्या कामात असलेल्या आम्हाला ही समजूत धोक्याची वाटते. किरणोपचारातले काही फार गाजलेले अपघात ज्या यंत्रांवर घडले, ती यंत्रे थांबायला हवी होती तेव्हा चालूच राहिली होती. असे का होते, हे कळायला लिनॅकच्या पोटात किरण तयार कसे होतात ते जरा तपशिलात पाहावे लागेल. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

लिनॅकमध्ये किरणोत्सर्गी पदार्थ ठेवलेला नसतो. कोबाल्ट-६० च्या जुन्या यंत्रात स्रोत रात्रंदिवस किरण सोडत असतो, उपचारापुरता तो उघडा करायचा आणि पुन्हा झाकायचा. त्याची ताकद ५.२७ वर्षांत निम्मी होते. लिनॅक किरण विजेपासून बनवतो. वीज तोडली की किरण त्याच क्षणी संपतात. त्यामुळे लिनॅकवर उपचार घेऊन घरी गेलेल्या रुग्णाच्या अंगातून काहीही बाहेर पडत नसते. त्याने लहान मुलाला जवळ घेतले, गरोदर सुनेशेजारी बसून जेवण केले तरी कुणाला काही होत नाही. शेजारीपाजारी अजूनही वेगळे समजतात म्हणून हे लिहिले.

साधा एक्स-रे काढणाऱ्या नळीला फार तर दीडशे किलोव्होल्ट लागतात. शरीरात दहा-बारा सेंटीमीटर खोल असलेल्या गाठीपर्यंत पुरेशी मात्रा पोहोचवायची आणि वरची त्वचा वाचवायची तर किरणांची ऊर्जा मेगाव्होल्टच्या घरात न्यावी लागते. ६ मेगाव्होल्ट हा रोजच्या कामातला आकडा. पण ६० लाख व्होल्टचा सरळ दाब उपचाराच्या खोलीत मावेल अशा यंत्रात टिकवून धरणे अवघड, ठिणगी उडून सगळे संपते. म्हणून एकच मोठा धक्का देण्याऐवजी झोपाळ्याला देतात तसे वेळ साधून छोटे छोटे धक्के द्यायचे. हे धक्के मायक्रोवेव्ह लहरी देतात. त्या तयार करणाऱ्या दोन नळ्या, १९३७ चा क्लायस्ट्रॉन आणि १९४० चा कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन, यांची ताकद वाढली ती मुख्यतः युद्धकाळातल्या रडारच्या गरजेपोटी. लढाई संपली आणि तेच तंत्र दवाखान्यात आले. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९५३ साली ८ मेगाव्होल्टच्या लिनॅकवर रुग्णांचे उपचार सुरू झाले, स्टॅनफर्डमध्ये १९५६ साली.

सुरुवात होते मॉड्युलेटरपासून. हे एक जाड कपाट असते. त्यातली कपॅसिटर आणि कॉइलची साखळी वीज साठवते आणि स्विच बसला की सगळी एका दमात सोडते. स्विच म्हणजे हायड्रोजन भरलेली थायराट्रॉन नळी. नव्या यंत्रांत तिच्या जागी सेमीकंडक्टर स्विच आले आहेत. एक पल्स असते जेमतेम चार-पाच मायक्रोसेकंदांची आणि सेकंदाला अशा काहीशे पल्स सुटतात. मॅग्नेट्रॉनला त्या क्षणी ४० ते ५० हजार व्होल्ट मिळतात आणि त्यातून दोन-तीन मेगावॉट मायक्रोवेव्ह शक्ती निघते. जास्त ऊर्जेच्या यंत्रांत क्लायस्ट्रॉन असतो, तो सातेक मेगावॉटपर्यंत जातो. मेगावॉट वाचून कुणी बिचकू नये. पल्स एकूण वेळाच्या हजारात एक-दोन भागच चालू असते, त्यामुळे सरासरी काही किलोवॉटच भरते. उपचार चालू असताना खोलीत जी करकर ऐकू येते ती याच पल्सची असते. किरणांना आवाज नसतो.

मायक्रोवेव्ह शक्ती आयताकृती धातूच्या नळीतून, म्हणजे वेव्हगाइडमधून, पुढे जाते. या नळीत ठिणगी पडू नये म्हणून बहुतेक यंत्रांत सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू दाबाने भरलेला असतो. पुढचा भाग निर्वात, त्यामुळे दोहोंच्या मध्ये सिरॅमिकची खिडकी. मॅग्नेट्रॉनकडे परत येणारी शक्ती वाटेतच वळवायला सर्क्युलेटर नावाचा भाग लागतो, नाहीतर परतीच्या लाटेने मॅग्नेट्रॉनचेच नुकसान होते. वायूचा दाब घटला की आत ठिणग्या पडू लागतात, परतीची शक्ती वाढते आणि यंत्र आपण होऊन थांबते. कंट्रोल पॅनलवरचा हा एक नेहमीचा इंटरलॉक, म्हणजे काही बिघडले की यंत्र आपोआप थांबवणारी सुरक्षा-कडी. दुरुस्ती सोपी असते: गळती शोधा, वॉशर बदला, वायू भरा. पण तिकडे दुर्लक्ष करून इंटरलॉक पुसत पुसत दिवस काढले आणि एखाद्या दिवशी सिरॅमिकची खिडकी तडकली, तर वायू निर्वात नळीत शिरतो. मग किरकोळ कामाचे भलेमोठे काम होऊन बसते.

निर्वात नळी म्हणजे लिनॅकचा गाभा. तांब्याच्या पोकळ्यांची एक रांग, मधून आरपार भोक. ६ मेगाव्होल्टच्या यंत्रात ही रांग फूटभराची असू शकते, जास्त ऊर्जेच्या यंत्रात मीटर-दीड मीटरची किंवा त्याहून लांब. एका टोकाला इलेक्ट्रॉन गन. तिच्यात तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि काही दहा हजार व्होल्टच्या दाबाने आत ढकलले जातात. पहिल्या काही पोकळ्या त्यांचे पुंजके बांधतात, कारण लहरीच्या योग्य टप्प्यावर असलेल्या इलेक्ट्रॉनलाच धक्का मिळतो, बाकीचे मागे राहतात किंवा भिंतीवर आपटतात. २ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत (हे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचे एकक) पोहोचता पोहोचता वेग प्रकाशाच्या ९८ टक्के होतो, ६ ला ९९.७ टक्के. त्यानंतर वेग जवळपास वाढतच नाही, फक्त ऊर्जा वाढते. म्हणून पुढच्या पोकळ्या सगळ्या सारख्याच मापाच्या ठेवता येतात.

या नळीचे नखरे दोन. पहिला तापमानाचा. बऱ्याच यंत्रांची वारंवारता २,८५६ मेगाहर्ट्झ असते आणि पोकळीचे माप तिच्याशी जुळलेले असावे लागते. तांबे एक अंश सेल्सियसने तापले तर दशलक्षात सुमारे १७ भाग पसरते. तेवढ्याने पोकळीची वारंवारता जवळजवळ ५० किलोहर्ट्झने घसरते. चार-पाच अंश इकडेतिकडे झाले की नळी आणि मॅग्नेट्रॉन यांचे सूर जुळत नाहीत, ऊर्जा पडते. स्वयंचलित वारंवारता नियंत्रण थोडाफार फरक सांभाळून घेते, पण नळीभोवती फिरणाऱ्या पाण्याचे तापमान स्थिर राहणे हाच खरा उपाय. म्हणूनच बाहेर गच्चीवर बसवलेला चिलर बंद पडला की आत लाखमोलाचे यंत्र थांबते. ‘साध्या पाण्याच्या पंपासाठी रुग्ण परत पाठवले’ असे वाक्य बातमीत आले की आम्हाला वाटते, अहो, तो पंप साधा नाहीच.

दुसरा नखरा निर्वाताचा. आतला दाब वातावरणाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी ठेवावा लागतो आणि त्यासाठी आयन पंप रात्री, सुट्टीच्या दिवशीही चालू असतो. बराच वेळ वीज गेली आणि पंपाला पर्यायी पुरवठा नसला तर निर्वात हळूहळू बिघडतो. वीज आल्यावर लगेच बीम, म्हणजे किरणांचा झोत, सुरू करता येत नाही, दाब खाली येईपर्यंत थांबावे लागते. घाई केली तर गनचा कॅथोड खराब होतो किंवा नळीत ठिणग्या पडतात.

वेग घेतलेले इलेक्ट्रॉन रुग्णाच्या दिशेने वळवायला चुंबक असतो. लहान ६ मेगाव्होल्ट यंत्रांत नळी उभीच बसवतात, चुंबकाची गरज नसते. मोठ्या यंत्रांत नळी आडवी असते आणि चुंबक इलेक्ट्रॉनना पुष्कळदा २७० अंशांचा फेरा घ्यायला लावतो. ९० अंश पुरले असते, मग हा लांबचा फेरा कशाला? कारण सगळ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा तंतोतंत सारखी नसते. ९० अंशांत कमी-जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फाकतात. २७० अंशांच्या वळणात ते पुन्हा एका बिंदूवर येतात. वाटेत एक फट ठेवलेली असते, ठरलेल्या ऊर्जेपासून फार दूर असलेले इलेक्ट्रॉन तिथेच अडतात. म्हणजे चुंबकातला विद्युतप्रवाह किती, यावर बाहेर कोणत्या ऊर्जेचा बीम पडणार हे ठरते. हे वाक्य लक्षात ठेवावे, पुढे एका अपघातात ते लागणार आहे.

मग टार्गेट, पाण्याने थंड केलेला टंगस्टनचा छोटा तुकडा. त्यावर आदळून इलेक्ट्रॉन अडखळतात आणि गमावलेल्या ऊर्जेचा काही हिस्सा क्ष-किरण होऊन बाहेर पडतो. मोठा हिस्सा उष्णता बनून पाण्यात जातो. मेगाव्होल्टच्या पातळीवर हे किरण मुख्यतः पुढच्याच दिशेने जातात, मधोमध तीव्र आणि कडेला विरळ. ती तीव्रता सपाट करायला शंकूच्या आकाराचा धातूचा फ्लॅटनिंग फिल्टर मध्ये येतो. तो मधले किरण अडवतो, म्हणजे बराचसा बीम फुकट घालवतो. अलीकडे लहान क्षेत्राच्या उपचारांत तो काढूनच टाकतात. त्यामुळे मिनिटाला ६०० मॉनिटर युनिटच्या जागी ६ मेगाव्होल्टला १,४०० आणि १० मेगाव्होल्टला २,४०० पर्यंत वेग देणारी यंत्रे आहेत. रुग्णाला श्वास रोखून झोपायचे असेल तेव्हा हा फरक मोठा असतो.

फिल्टरखाली दोन आयन चेंबर असतात. लिनॅकमधला सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता असे विचारले तर आम्ही मॅग्नेट्रॉनचे नाव घेणार नाही, या कागदासारख्या पातळ थरांच्या डब्यांचे घेऊ. बीम त्यांच्यातून जातो, आतल्या हवेचे आयनीभवन होते आणि तो प्रवाह मोजून यंत्र ठरवते की किती मात्रा गेली. याचे एकक मॉनिटर युनिट. नेहमीच्या पद्धतीत यंत्र असे जुळवतात की १० बाय १० सेंटीमीटरच्या क्षेत्रात, ठरलेल्या अंतरावर, पाण्यात जिथे मात्रा सर्वाधिक असते तिथे १ मॉनिटर युनिटला १ सेंटीग्रे मिळावा (शरीराने शोषलेली मात्रा ‘ग्रे’मध्ये मोजतात, सेंटीग्रे त्याचा शंभरावा भाग). ६ मेगाव्होल्टला ही जागा पृष्ठभागाखाली दीड सेंटीमीटरवर येते, म्हणूनच त्वचा वाचते. दहा सेंटीमीटरवर यातली साधारण दोन तृतीयांश मात्रा उरते. चेंबर दोन असण्याचे कारण उघड आहे: पहिल्याने मोजणे सोडले तर दुसऱ्याने बीम तोडावा. शिवाय चेंबरचे विभाग पाडलेले असतात. डाव्या-उजव्या भागांतले आकडे वेगळे आले की बीम तिरका झाला आहे हे कळते आणि यंत्र थांबते.

एका दिवसाची नेहमीची मात्रा २ ग्रे. मिनिटाला ६०० मॉनिटर युनिट आणि सेकंदाला ३६० पल्स धरल्या तर ही मात्रा वीस सेकंदांत, सुमारे ७,२०० पल्समध्ये पूर्ण होते. तिच्यामुळे शरीर एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतकेच तापते. म्हणजे रुग्णाला काहीही जाणवत नाही. योग्य मात्रा गेली तरी नाही आणि तिच्या दीडपट गेली तरी बहुधा नाहीच. चव, वास, चटका, काही नाही. या उपचारात चूक झाली तर रुग्णाचे शरीर त्या क्षणी तक्रार करत नाही, आठवड्यांनी करते. सगळा भरवसा मोजमापावर आहे, तो असा.

मोजमापही आंधळेपणाने चालत नाही. यंत्राचा आकडा खरा की खोटा हे बाहेरच्या, स्वतंत्र चेंबरने तपासावे लागते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची टीआरएस-३९८ ही पद्धत त्यासाठी सर्वत्र वापरतात: पाण्याची टाकी, दहा सेंटीमीटर खोलीवर बोटाच्या पेराएवढा चेंबर, प्रमाण प्रयोगशाळेतून आलेला त्याचा गुणांक. चेंबर हवेला उघडा असतो, त्यामुळे तापमान आणि हवेचा दाब यांची दुरुस्ती करावी लागते. तापमानात तीन अंशांचा फरक म्हणजे एक टक्का, दाबात एक किलोपास्कलचा फरक म्हणजे एक टक्का. इथली एक नमुनेदार चूक सांगतो. हवामान खाते जो दाब जाहीर करते तो समुद्रसपाटीला जुळवलेला असतो. समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंचीवरच्या किरणोपचार विभागात कुणी तो आकडा जसाच्या तसा वापरला तर सुमारे सात टक्क्यांची चूक होते, आणि ती एका रुग्णापुरती राहत नाही, त्या यंत्रावरच्या प्रत्येकाला लागू होते. खोलीतच बॅरोमीटर हवा आणि तोही तपासलेला हवा.

रोज सकाळी पहिल्या रुग्णाआधी मात्रेची तपासणी होते. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या टीजी-१४२ या अहवालानुसार रोजच्या मोजमापात ३ टक्के आणि महिन्याच्या मोजमापात २ टक्के एवढाच फरक चालतो. रुग्णाची जागा जुळवणाऱ्या भिंतीवरच्या लेसरना एक ते दोन मिलिमीटरची मुभा, उपचार किती बारीक आहे त्यावर अवलंबून. ही अर्ध्या तासाची तपासणी म्हणजे ‘सकाळी यंत्र उशिरा सुरू होते’ या तक्रारीचे एक कारण.

मल्टीलीफ कॉलिमेटरबद्दल थोडक्यातच. टंगस्टनच्या मिश्रधातूच्या पट्ट्यांच्या दोन रांगा, एका सर्रास आढळणाऱ्या रचनेत एकूण १२० पट्ट्या, प्रत्येकीला वेगळी मोटर. त्या सरकून बीमला गाठीचा आकार देतात. इतक्या मोटर म्हणजे बिघाडही तितकेच. एखादी पट्टी मिलिमीटरभर मागे राहिली की यंत्र थांबते, मोटर बदलून ठरलेली तपासणी झाली की पुन्हा चालू. रुग्णांचा खोळंबा यानेच पुष्कळदा होतो, पण असे थांबणे निरुपद्रवी असते.

आता अपघात. मोठ्या लिनॅकवर क्ष-किरणांखेरीज थेट इलेक्ट्रॉनचा बीमही वापरता येतो, त्वचेजवळच्या गाठींसाठी. त्या वेळी टार्गेट बाजूला सरकते, त्याच्या जागी इलेक्ट्रॉन पसरवणारा पातळ पत्रा येतो. क्ष-किरणांसाठी लागणारा इलेक्ट्रॉनचा प्रवाह मात्र इलेक्ट्रॉन उपचाराच्या शेकडो पट असतो, कारण टार्गेट आणि फिल्टरमध्ये बहुतेक वाया जातो. टार्गेट बाजूला आणि प्रवाह मात्र क्ष-किरणांचा, हे एकत्र कधीही होता कामा नये. थेरॅक-२५ या यंत्रात ते झाले. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात अतिमात्रेच्या सहा घटना घडल्या, काही रुग्ण दगावले. टेक्ससमधल्या टायलर इथल्या दोन घटनांमागे कारण असे निघाले: यंत्रचालकाने चुकून निवडलेला क्ष-किरणांचा पर्याय बदलून इलेक्ट्रॉनचा केला आणि ही दुरुस्ती आठ सेकंदांच्या आत, चुंबकांची जुळणी पूर्ण व्हायच्या आधी केली, तर संगणकप्रणालीच्या एका भागाला बदल कळला आणि दुसऱ्याला कळलाच नाही. पडद्यावर आले ‘मालफंक्शन ५४’. म्हणजे काय, हे चालवणाऱ्यांना सांगितलेले नव्हते, आणि एक कळ दाबून पुढे जाण्याची सोय होती. आधीच्या मॉडेलमध्ये अशा प्रसंगी बीम तोडणारे स्वतंत्र विद्युत इंटरलॉक होते. या मॉडेलमध्ये ते काम संगणकप्रणालीवर सोडले होते.

दुसरी घटना स्पेनमधल्या सारागोसाची, डिसेंबर १९९० ची. चुंबकाच्या प्रवाहाचे नियंत्रण बिघडले आणि चुंबक सतत कमाल प्रवाहावर राहू लागला. मघाशी म्हटले तसे, अशा चुंबकातून फक्त कमाल ऊर्जेचे इलेक्ट्रॉन पार होतात. बीम मिळेना म्हणून दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाने इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढवत नेली आणि बीम आला. यंत्र ‘सुरू झाले’. पटलावर ७, १०, १३ काहीही निवडा, बाहेर पडत होते ३६ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट. ऊर्जेचा काटाही ३६ वरच उभा होता. तो अडकला असावा असे समजले गेले. भौतिकशास्त्र विभागाला दुरुस्तीची खबर न देता रुग्ण घेतले. सुमारे दहा दिवसांत २७ जणांना अतिमात्रा गेली. दुरुस्तीनंतर एकदा बीम मोजला असता तर पहिल्याच मोजमापात हे उघड झाले असते.

तिसरी पोलंडमधल्या ब्यावीस्तोकची, २७ फेब्रुवारी २००१. वीज गेली, आली, यंत्र सुरू केले, उरलेले रुग्ण घेतले. दरम्यान मात्रा मोजणाऱ्या यंत्रणेच्या वीजपुरवठ्यातला एक फ्यूज उडाला होता. यंत्राला वाटले मात्रा कमी पडते आहे, म्हणून त्याने गनचा प्रवाह वाढवत नेला. हे पाहून बीम तोडायला हवा होता तो इंटरलॉक एका डायोडच्या बिघाडामुळे गप्प राहिला. पाच रुग्णांना भाजल्यासारख्या गंभीर जखमा झाल्या. मात्रा इतकी जास्त होती की काही रुग्णांनी उपचारादरम्यानच खाज आणि आग होत असल्याचे सांगितले, आणि तेव्हा काम थांबले. तिथून शिकलेला धडा प्रत्येक विभागात लिहून लावायच्या लायकीचा आहे: अचानक वीज गेल्यानंतर, यंत्र कितीही व्यवस्थित सुरू झाले तरी, मात्रा मोजल्याशिवाय पुढचा रुग्ण घ्यायचा नाही.

तेव्हा पत्रकार मित्रांना विनंती, यंत्र का थांबले हा प्रश्न जरूर विचारा, पण तिथेच थांबू नका. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर आपल्या वर्तमानपत्रांत सहसा काही छापून येत नाही, आणि विचारण्याजोगे प्रश्न तेव्हाच सुरू होतात. दुरुस्तीत कोणता भाग बदलला? तो भाग बीमची ऊर्जा, मात्रा किंवा सममिती बदलू शकतो का? मॅग्नेट्रॉन, गन, चुंबकाचा वीजपुरवठा, आयन चेंबर यांपैकी काही बदलले असेल तर उत्तर ‘हो’ असेच आहे. मग बीम कुणी मोजला, कशाने मोजला, आकडा किती आला आणि रुग्ण घेण्याची परवानगी लेखी कुणाच्या सहीने दिली? दुरुस्ती करणारा अभियंता आणि मोजणारा भौतिकशास्त्रज्ञ या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात. ‘आजच्या आज सुरू करा’ असा दट्ट्या वरून आला की पहिली काट याच मोजमापाला बसते, आणि तो दट्ट्या कधी कधी बातमीमुळेच येतो, हेही सांगायला हवे.

याचा अर्थ थांबणे रुग्णाला फुकट पडते असा नव्हे. इथे आमच्याच व्यवसायातल्या काहींशी आमचे पटत नाही. ‘दोन-चार दिवसांनी काय बिघडते’ असे ते सहज म्हणतात. बिघडते. डोके आणि मान यांच्या स्क्वॅमस पेशींच्या कर्करोगात उपचार लांबला की उरलेल्या पेशी झपाट्याने वाढू लागतात, आणि लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने किंवा थोडी अधिक घटते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही खंड महागात पडतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ रेडिऑलॉजिस्ट्सने अशा रुग्णांना पहिल्या गटात ठेवले आहे: त्यांचा एकूण कालावधी ठरल्यापेक्षा दोन दिवसांहून जास्त लांबू नये. हाडातल्या दुखण्यावर आराम पडावा म्हणून एकदाच ८ ग्रे घेणारा रुग्ण मात्र एक-दोन दिवस थांबू शकतो. यंत्र बंद असताना कुणाला आधी घ्यायचे याची यादी यावरून ठरते, ओळखीपाळखीवरून नव्हे.

बुडालेले दिवस भरून काढायचे मार्ग आहेत. सर्वांत चांगला म्हणजे त्याच दिवशी दुसऱ्या यंत्रावर उपचार. दोन यंत्रांचे बीम खरेदीच्या वेळीच एकमेकांशी जुळवून घेतलेले असतील तर रुग्णाची योजना तशीच्या तशी चालते. नसतील तर प्रत्येकाची योजना नव्याने करावी आणि तपासावी लागते, आणि पन्नास रुग्णांसाठी ते एका रात्रीत होत नाही. दुसरा मार्ग सुट्टीच्या दिवशी विभाग चालू ठेवणे. तिसरा, एका दिवसात दोनदा उपचार, मध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवून, म्हणजे निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळतो. चौथा, उरलेल्या दिवसांत रोजची मात्रा थोडी वाढवणे. हा शेवटचा, कारण रोजची मात्रा वाढली की उशिरा दिसणारे दुष्परिणाम वाढतात. बुडालेले २ ग्रे दुसऱ्या दिवशी ४ ग्रे देऊन फिटत नाहीत. रुग्णाने किंवा नातेवाइकांनी ‘काल राहिलेले आज एकदम देऊन टाका’ असा आग्रह धरू नये, आणि कुणी तसे देऊ केले तर कारण विचारावे.

त्यामुळे ‘लिनॅक चार दिवस बंद’ या बातमीत आम्हाला आणखी चार ओळी वाचायला आवडतील: पहिल्या गटातले किती रुग्ण होते, त्यातल्या कितींना दुसरीकडे पाठवले, बाकीच्यांचे दिवस कोणत्या मार्गाने भरले, आणि यंत्र सुरू करण्यापूर्वीच्या मोजमापाचा आकडा काय होता. आवश्यक सुटे भाग, म्हणजे थायराट्रॉन, पट्ट्यांच्या मोटरी, वॉटर पंप, विभागात साठ्याला होते की मागवावे लागले, हा पाचवा प्रश्न प्रशासनाला विचारावा. झिजणारे भाग झिजणारच. ते कपाटात नसणे याला मात्र बिघाड म्हणता येत नाही.

आपले,
वैद्यकीय भौतिकशास्त्राच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक